लाल दिवा लागला होता

“ऑपरेटरनं गेटचा स्विच बांधून ठेवला होता, एवढं एक वाक्य लिहून द्या मॅडम. खाली सही. मग चहा घेऊ.”

कदम साहेबांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. कदम म्हणजे वाळूजच्या त्या प्रेसशॉपचे एचआर मॅनेजर. तिथल्या एका प्रेसखाली तीन दिवसांपूर्वी अंकुश गोजरे नावाच्या ऑपरेटरच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. त्या प्रेसचं लोखंड दुसऱ्या कंपनीचं, पण ते कधी खाली यायचं आणि कधी नाही हे ठरवणारा कंट्रोलर बोर्ड आमचा. आणि बोर्डातला प्रोग्रॅम माझा. सोळा वर्षं मी तेच काम करत होते.

“आधी मशीन बघते,” मी म्हणाले.

“बघा की. पण बघण्यासारखं काय आहे? त्याचा जबाबच ऐका.” कदमांनी दुसरा कागद उचलला आणि वाचला. “‘गेट उघडं होतं. लाल दिवा लागला होता. तरी प्रेस खाली आलं.’ आता तुम्हीच सांगा, लाल दिव्यात तुमचं प्रेस येतं का?”

“नाही येत.”

“झालं तर मग. धडधडीत खोटं बोलतोय.”

मी हसले. हे लिहिताना लाज वाटते, पण हसले.

हे प्रेस कसं चालतं ते आधी सांगते, म्हणजे मी का हसले ते कळेल. प्रेसच्या पुढे जाळीचं एक गेट असतं. ऑपरेटर गेट उघडतो, पत्रा डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर ठेवतो, गेट लावतो, पायानं पेडल दाबतो. वरचा भाग खाली येतो, पत्र्याला आकार देतो, वर जातो. याला स्ट्रोक म्हणतात. गेट उघडं असलं की मशीनवर लाल दिवा लागतो. लाल दिवा म्हणजे आता पेडलवर कितीही नाचा, प्रेस खाली येणार नाही. जगात लाल म्हणजे धोका. आमच्या मशीनवर लाल म्हणजे हात घालायला हरकत नाही.

गेट उघडं आहे की लावलेलं, हे एका छोट्या स्विचवरून कळतं. आणि हा स्विच बांधून ठेवायची विद्या आपल्याकडच्या प्रत्येक शॉपमध्ये अवगत आहे. दर स्ट्रोकला गेट उघडा, लावा, उघडा, लावा, यात वेळ जातो आणि टार्गेट चुकतं. म्हणून कुणी स्विचवर चिकटपट्टी मारतो, कुणी तारेनं आवळतो. एका ठिकाणी तर मी स्विचमध्ये आगपेटीची काडी खोचलेली पाहिली होती, आणि सुपरवायझर त्याच मशीनला टेकून उभा होता. स्विच बांधला की मशीनला गेट कायम लावलेलंच वाटतं. अपघात झाला की हीच गोष्ट पहिली आठवते, कारण दहांतल्या नऊ वेळा खरी असते.

पण स्विच बांधला तर लाल दिवाही लागत नाही. आणि हा माणूस म्हणत होता, दिवा लागला होता. म्हणजे एकतर तो घाबरून काहीही बोलतोय, नाहीतर त्याला मशीन कळलेलंच नाही. मी मनात निकाल देऊनच शॉपफ्लोअरवर गेले.

तिथं शेख चाचा उभे होते. प्लांटचे जुने इलेक्ट्रिशियन. शॉप सुरू झालं तेव्हापासून तिथल्या सगळ्या मशीनच्या वायरी त्यांनीच जोडल्या आणि सोडवल्या. अपघातानंतर कुणी मशीन चालवू नये म्हणून त्यांनी स्वतःचं कुलूप लावलं होतं; माझ्यापुरतं ते काढलं.

“चाचा, स्विच काय म्हणतोय?”

“स्विच एकदम साफ है मॅडम. ना टेप, ना गोंद का दाग, ना तार का निशान. मैं उसी दिन देखा. कदम साब कू बोला भी. बोले, तुम वायरिंग देखो, अकल हम देखलेंगे.”

मी लॅपटॉप उघडला, पर्समधून चेकलिस्ट काढली. आमच्या कंपनीची चेकलिस्ट मीच बनवलेली. गेटसाठी तीत एकच ओळ: गेट उघडा, लाल दिवा बघा, टिक करा. मी गेट उघडलं. लाल दिवा लागला. लावलं, विझला. पुन्हा उघडलं, पुन्हा लागला. मी टिक केली.

“गेट ओके आहे चाचा.”

चाचांनी उघड्या गेटकडे बोट दाखवलं. मग हळूच म्हणाले, “मॅडम, गेट खुल्ला रखके पेडल दबाके देखो ना एक बार.”

“लाल दिवा आहे की समोर.”

“लाइट तो बरोबर जलरी. मैं लाइट का नै बोलरा.”

हातच्या काकणाला आरसा कशाला, तशी गोष्ट. पेडल दाबायला कितीसा वेळ लागतो? पण सोळा वर्षांत, गेट उघडं ठेवून पेडल दाबून बघितलंय असं मला एकदाही आठवेना. ऑफिसात टेबलावर नुसता बोर्ड असतो, प्रेस नसतं. आम्ही दिवा बघायचो आणि टिक करायचो.

चाचांनी लाकडाचा एक ठोकळा डायवर ठेवला. गेट उघडं. दिवा लाल. मी पायानं पेडल दाबलं.

प्रेस खाली आलं. ठोकळ्याचा भुगा झाला. लाल दिवा आपला लागलेलाच होता.

मी आणखी दोनदा करून बघितलं. आशा वाईट असते. तिन्ही वेळा तेच झालं. तिसऱ्या वेळेपर्यंत मला कारण कळलेलं होतं. शोधावं लागलंच नाही. माझ्याच हातानं टाइप केलेला एक शब्द आठवला.

तो शब्द समजण्यासाठी मी तुम्हाला आमच्या गल्लीत नेते. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही आलं तर. आज येणार की नाही हे व्हॉल्व्ह सोडणाऱ्या लाइनमनला माहीत असतं. तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या पाटीवर खडूनं लिहून जातो. अख्खी गल्ली ती एकच पाटी वाचते आणि मोटारी लावते. आमच्या धंद्यात या पाटीला ग्लोबल व्हेरिएबल म्हणतात.

प्रोग्रॅम म्हणजे एक लांबच लांब कागद नसतो. त्याच्या वेगवेगळ्या फायली असतात. आमच्या प्रोग्रॅममध्ये एक फाइल गेटच्या स्विचकडे बघायची आणि दिवा लावायची. दुसरी फाइल प्रेस खाली सोडायची. गेटवाल्या फायलीनं ‘गेट उघडं’ असं पाटीवर लिहायचं, प्रेसवाल्या फायलीनं ते वाचून थांबायचं. पाटी कुठं आहे हे सगळ्यांना कळावं म्हणून एक सामाईक हेडर फाइल असते. आमच्या ऑफिसात तिला चावडी म्हणत, कारण सगळ्या गावच्या उठाठेवी तिथंच.

सी भाषेची रीत अशी, की चावडीत फक्त पत्ता लिहायचा: पाटी दुकानापाशी आहे, तिथं बघा. त्यासाठी एक्स्टर्न हा शब्द आहे. आणि खरी पाटी कुठल्यातरी एका फायलीत, एकदाच टांगायची. चावडीतली शंभरावर नावं अशीच शिस्तीत होती. तीन सोडून. गेटची सोय नंतर आली तेव्हा ती तीन नावं मीच घाईत टाकली होती, एक्स्टर्न न लिहिता. म्हणजे पत्त्याऐवजी मी चावडीत पाटीच ठेवली होती, आणि जी जी फाइल चावडी वाचेल तिच्याकडे पाटी तयार होत होती. पण आमचा जुना कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत भाषांतर करणारा, भला होता. एकाच नावाच्या दहा पाट्या दिसल्या तरी तो एकच समजायचा. माझी चूक तो वर्षानुवर्षं पोटात घालत आला.

मग ऑफिसातला जुना कॉम्प्युटर बंद पडला. नवा आला, त्यावर नवा कंपायलर. नवा कडक निघाला. चौदा बोर्डांचा लॉट जायचा त्याच दिवशी सकाळी त्यानं लाल अक्षरात सांगितलं: एकाच नावाच्या अनेक पाट्या आहेत, बिल्ड होणार नाही.

दारात टेम्पो उभा. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. माझ्या खुर्चीमागे रत्नपारखी सर. सर म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. मला सोल्डरिंग गन धरायला शिकवली ती त्यांनीच.

“वैशाली, काय अडलंय?”

“लिंकरची एरर आहे सर. तीन व्हेरिएबल.”

“तीनच ना? मग?”

मी तिन्ही नावांपुढे एक्स्टर्न लिहिलं. आता दुसरी एरर आली: पत्ता आहे, पाटी कुठंच नाही. बरोबरच होतं. चावडीत पत्ता लिहिला, पण पाटी टांगायची राहिली होती. एका फायलीत तीन ओळी लिहायच्या, संपलं. पण टेम्पोचा हॉर्न, सरांचा श्वास, आणि माझं डोकं तापलेलं. मी एक्स्टर्न खोडून त्या जागी स्टॅटिक लिहिलं. एरर गेली. पिवळ्या अक्षरात ढीगभर वॉर्निंगा आल्या. त्या आमच्याकडे कुणीच वाचायचं नाही, मीही नाही.

“झालं का?”

“झालं सर.”

स्टॅटिक म्हणजे ज्याची पाटी त्याच्या घरात. लाइनमन स्वतःच्या घरच्या पाटीवर लिहितो ‘आज पाणी’, तीच वाचतो आणि स्वतःची टाकी भरून घेतो. बाकीची गल्ली आपापल्या कोऱ्या पाट्यांकडे बघत बसते. गेटवाली फाइल आपल्या पाटीवर ‘उघडं’ लिहायची, तीच वाचून लाल दिवा लावायची. प्रेसवाल्या फायलीची पाटी कायम कोरी. कोरी म्हणजे गेट लावलेलं. दोन्ही फायली आपापल्या घरी प्रामाणिक होत्या. तीनपैकी दोन व्हेरिएबल एकेकाच फायलीत लागायचे, त्यामुळे त्यांचं काही बिघडलं नाही. तिसरा गेटचा होता.

आता जाणकार म्हणतील, गेटचा स्विच थेट वायरनंच प्रेस थांबवायला पाहिजे, ते प्रोग्रॅमच्या भरवशावर सोडतात का? नाही सोडत. नियमात तसंच आहे. स्वस्त मशीनमध्ये ती वायर वाचवतात, आणि आम्ही त्याला ‘सॉफ्टवेअर सेफ्टी’ असं भारदस्त नाव दिलं होतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

त्या दिवशी शॉपमध्ये मी बोर्ड काढून पर्समध्ये टाकला. चाचांना म्हणाले, “कुलूप परत लावा आणि काढू नका.” कदमांना म्हणाले, “रिपोर्ट नंतर पाठवते.” आणि गाडीत बसून सरांना फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं.

“कुणाला सांगितलंस?”

“कुणालाच नाही. पण चाचांनी बघितलंय.”

“तो इलेक्ट्रिशियन. त्याला काय कळतंय. हे बघ वैशाली, आधी बाकीच्या मशीनचं बघ. तेरा ठिकाणी हाच प्रोग्रॅम चालू आहे. उद्याच्या उद्या निघ.”

हे त्यांचं बरोबर होतं, आणि त्यांनीच आधी काढलं. मी तेवढी त्यांची बाजू मांडते.

“तिथं काय सांगू?”

“डिस्प्लेचं अपडेट आहे म्हणून सांग.”

“आणि अंकुश गोजरे?”

“तो कोण?”

“ज्याची बोटं गेली तो.”

“अगं, त्याची बोटं आता परत येणार आहेत का? आपल्या बारा जणांची घरं आहेत यावर. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

त्या माणसाची मूठ आता पुरती झाकलीही जाणार नव्हती.

पण मी बोलले काय? “बरं सर,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोग्रॅम दुरुस्त केला. चावडीत तीन वेळा एक्स्टर्न, गेटच्या फायलीत तीन ओळी. चहा निवायच्या आत झालं. मग वाळूज, चितेगाव, चिकलठाणा, शेंद्रा असं चार दिवस गाडीनं फिरले. प्रत्येक ठिकाणी प्रोग्रॅम बदलायचा, लाकडाचा ठोकळा ठेवायचा, गेट उघडून पेडल दाबायचं. प्रेस जागेवर थांबलं की पुढच्या ठिकाणी. लोक म्हणायचे, “अरे वा मॅडम, डिस्प्लेसाठी स्वतः आलात?” मी हसायचे. त्या आठवड्यात मी फार हसले.

पाचव्या दिवशी ऑफिसात पाठवलेल्या मेलमध्ये एक रिपोर्ट दिसला. कदमांना गेलेला. ‘गेट व दिवा तपासला असता व्यवस्थित आढळला. ऑपरेटरने स्विच निकामी केल्याची शक्यता नाकारता येत नाही.’ खाली माझं नाव, माझी स्कॅन केलेली सही. कोटेशनवर टाकायला ती सरांच्या कॉम्प्युटरवर असायचीच.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. “हे मी लिहिलेलं नाही.”

“यात खोटं काय आहे? गेट आणि दिवा तपासलास ना? व्यवस्थित होता ना?”

होता. तोच तर घोळ होता. मी परत जागेवर येऊन बसले आणि स्वतःला सांगितलं, इन्क्वायरीत काय होतंय ते बघू. इन्क्वायरी म्हणजे कंपनीची अंतर्गत चौकशी. ती अपघातानंतर अकराव्या दिवशी ठेवली होती आणि बोर्डवाले म्हणून आम्हा दोघांना बोलावलं होतं. सर गाडीत एवढंच म्हणाले, “रिपोर्ट दिलेला आहे. त्याच्या बाहेर जायचं नाही.”

सर आत कदमांशी बोलत होते. मी पॅसेजमध्ये बाकावर बसले. पलीकडे हाताला पांढरं बँडेज असलेला एक माणूस आणि त्याच्यासारखाच दिसणारा, जरा थोराड दुसरा. मी अंकुशला ओळखलं नाही. त्यानं मला ओळखलं.

“मॅडम, तुम्ही बोर्डवाल्या ना? ट्रेनिंगला आल्या व्हत्या.”

“हो.”

“म्या फुडंच बसलो व्हतो. ह्यो माझा भाऊ, पाचोडहून आलाय.” भावानं मान हलवली. अंकुशनं डाव्या हातातला घडी केलेला कागद दाखवला. “साहेब म्हणायलेत, स्विच बांधला व्हता असं लिहून दे. मग हलक्या कामावर घेतो. न्हाय लिहिलं तर काढून टाकतो म्हणले. आन् खोटा जबाब दिला म्हणून काढलेल्या माणसाला इथं दुसरं कोण घेतंय?”

“मग?”

“देतो लिहून. दुसरं काय करावं? उलट्या हातानं सही कराय शिकायलोय.” तो थांबला. “पण मॅडम, म्या बांधला नव्हता. पत्रा अडकला व्हता डायमंदी. म्या गेट उघडलं, लाल दिवा बघितला, मंग हात घातला. पाय पेडलवर पडला आसंन, ते मी न्हाय म्हणत न्हाय. पण तुम्हीच सांगितलं व्हतं ना ट्रेनिंगला? लाल हाय तवर बिनधास्त हात घाला म्हणून?”

सांगितलं होतं. अगदी याच शब्दांत. सगळे हसले पाहिजेत म्हणून जरा नाटकीपणानं सांगितलं होतं.

“आता ह्ये समदे म्हणायलेत, लाल दिव्यात प्रेस येतच न्हाय. लई दिस झाले, तेच ऐकायलोय. आता मलाच वाटायलंय, दिवा लागलाच नसंल. माझंच डोस्कं फिरलं व्हतं.” तो माझ्याकडे बघत होता. “तुम्ही मशीन बनवलं. तुम्ही सांगा. येतं का?”

तेवढ्यात आतून हाक आली.

आत टेबलापलीकडे कदम आणि प्लांट मॅनेजर. अलीकडे सर, मी, अंकुश आणि त्याचा भाऊ. कदमांनी माझ्या सहीचा रिपोर्ट मोठ्यानं वाचला. मग अंकुशला म्हणाले, “ऐकलंस? आता कागद दे आणि विषय संपव.”

अंकुशनं कागद टेबलावर ठेवला. पेन डाव्या हातात धरलं.

“थांब,” मी म्हणाले. “सही करू नकोस.”

“वैशाली,” सर म्हणाले.

मी पर्समधून बोर्ड काढला. लॅपटॉपच्या पिशवीत टेस्टिंगच्या वायरी होत्या, त्या जोडल्या. बोर्डावर एक रिले असतो. तो टक् वाजला की प्रेस खाली येतं.

“हा त्याच मशीनचा बोर्ड. अपघाताच्या दिवशी होता तोच, प्रोग्रॅमसकट. ही वायर म्हणजे गेट. आता गेट उघडते.” बोर्डावरचा छोटा दिवा लाल झाला. “आणि ही वायर म्हणजे पेडल.”

वायर टेकवली. रिले टक् वाजला.

मी पुन्हा टेकवली. पुन्हा टक्.

“दिवा लाल असताना प्रेस खाली येत होतं. हा खरं बोलतोय. चूक प्रोग्रॅममध्ये आहे. प्रोग्रॅम माझा आहे. तो रिपोर्ट मी लिहिलेला नाही.”

मग मी त्यांना गल्लीतल्या पाटीची गोष्ट सांगितली, जशी तुम्हाला सांगितली. प्लांट मॅनेजरांना पाटी लगेच कळली. त्यांच्याकडेही पाणी आठवड्यानंच येतं.

अंकुशच्या भावानं टेबलावरचा कागद उचलला आणि चार तुकडे करून खिशात घातले. अंकुश बोर्डकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नव्हता. “मंग दिवा लागला व्हता,” एवढंच तो म्हणाला, भावाला.

आणि कदम? कदमांची तर दिवाळीच झाली. दहा मिनिटांपूर्वी अंकुशला खोटारडा म्हणणारा माणूस त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “मी पहिल्यापासून सांगत होतो, आमची माणसं असं करणार नाहीत.” चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेली माणसं क्षणात संन्याशाच्या पाया पडायला तयार. त्या वाचवलेल्या वायरीचं कुणी नाव काढलं नाही. बांधलेल्या स्विचांचंही नाही. सगळं आमच्यावर ढकलून ते हात धुवून मोकळे झाले. त्यांनी आमचे बोर्ड घेणं बंद केलं. मग इतरांनीही केलं.

परतीच्या रस्त्यावर, छावणीपाशी सरांनी गाडी बाजूला घेतली. मग म्हणाले, “मला आधी सांगायचंस तरी.”

“सांगितलं होतं सर. पहिल्याच दिवशी.”

“उद्यापासून येऊ नकोस.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला अजूनही त्यांचा राग येतो आणि त्यांची कीवही येते, आणि कुठलं जास्त हे ठरत नाही. बारा जणांपैकी आता तिथं चौघं उरलेत. त्यांच्यातल्या दोघींनी मला फोन करून शिव्या घातल्या.

तुम्हाला वाटेल, मी अंकुशला वाचवलं. बरेच लोक तसं म्हणतात, आणि मलाही काही महिने तसं वाटत होतं. हिंमत केली, नोकरी घालवली, कडू झालं पण नीट झालं, असं. मग दुसऱ्या एका कंपनीच्या कामासाठी त्याच प्लांटमध्ये जायचा योग आला. अंकुश आता स्टोअरला आहे. हातमोजे, डाय, नटबोल्ट देतो. डाव्या हातानं नोंदवहीत लिहितो. मला सेफ्टीचे हातमोजे हवे होते, ते त्यानंच काढून दिले.

“बरं चाललंय का?” मी विचारलं.

“व्हय. बरंय.” मग जरा थांबून, नोंदवहीवरून डोकं न उचलता म्हणाला, “मॅडम, एक इचारू? तुम्हाला कवा कळलं व्हतं?”

“काय?”

“दिवा लागून बी प्रेस येतं म्हणून.”

खोटं बोलता आलं असतं. शेख चाचांनी त्याला बहुतेक सांगितलेलंच होतं.

“तिसऱ्या दिवशी,” मी म्हणाले.

त्यानं मनातल्या मनात मोजलं. मोजताना त्याच्या डाव्या हाताचा अंगठा बोटांवरून फिरला.

“इन्क्वायरी अकराव्या दिवशी झाली,” तो म्हणाला. “म्हंजे आठ दिस. त्या आठ दिसांत माझी बायको म्हणत व्हती, तुम्ही खोटं बोलनार न्हाईत, दिवा लागलाच आसंन. आन् मीच तिला सांगायचो, न्हाय गं, माझीच चूक आसंल.”

त्यानं वही माझ्याकडे फिरवली. “इथं सही करा.”

मी सही केली. तो पुढच्या माणसाकडे वळला.

आता मी नव्या मुलांना शिकवते तेव्हा एक्स्टर्न आणि स्टॅटिक नीट समजावून सांगते. पाटी एकाच फायलीत टांगा, चावडीत फक्त पत्ता ठेवा, पिवळ्या वॉर्निंगा वाचा. चेकलिस्टमध्ये दिव्याच्या ओळीखाली नवी ओळ टाकली आहे: गेट उघडं ठेवून पेडल दाबा. मुलं लिहून घेतात. एवढं शिकवून होतं. पण कळलेली गोष्ट आठ दिवस पर्समध्ये ठेवायची नसते, हे कुठल्या तासाला शिकवायचं ते मला अजून समजलेलं नाही.